मास्तरांच्या मागून धुकं

नेओक्लिस मास्तरांना चष्मा लागला होता हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नसल्यासारखं वागायचे ते फक्त मास्तर. चष्मा कोटाच्या आतल्या खिशात, केसांना न चुकता कलप, मिशीची टोकं वळवलेली. साठी उलटली, लग्न काही झालं नाही, पण ऐट मात्र नवरदेवाची. "फोटोग्राफरला चष्मा म्हणजे न्हाव्याला टक्कल," असं ते म्हणत. "गिऱ्हाइकानं कुणाच्या भरवशावर बसायचं?"

त्यांचा स्टुडिओ तारांच्या पलीकडे, वारोशा शहरात होता. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात आमच्या बेटावर तुर्की फौज आली तेव्हा अख्खं शहर एका दिवसात पळालं, मग शहराला काटेरी तारा पडल्या, आणि तेव्हापासून तिथे कुणीच राहत नाही. ना आपले, ना त्यांचे. तुर्की पलटणीचे शिपाई कधीमधी रस्त्यातून फिरतात, तेवढंच. त्या दिवशी मास्तर एका बाप्तिस्म्याचे फोटो काढायला बाहेरगावी गेले होते, म्हणून गळ्यातला कॅमेरा तेवढा वाचला. दोन भिंगांचा जुना कॅमेरा तो. वरच्या भिंगातून माणसानं बघायचं, खालच्या भिंगातून फिल्मनं. संध्याकाळी परत यायचंच आहे म्हणून मास्तरांनी दुकानाला कुलूपसुद्धा घातलं नव्हतं, नुसती कडी लावली होती. हे सांगताना ते अजूनही हाताने कडी लावून दाखवत.

आमचं गाव तारांना अगदी लागून. मिरोफोराच्या कॉफीच्या दुकानाच्या गच्चीवर तिच्या खलाशी नवऱ्याची दुर्बीण तिवईवर बसवलेली होती. नवरा गेला, दुर्बीण राहिली. वारोशाची माणसं बेटाच्या कानाकोपऱ्यातून यायची, डोळा लावायची आणि आपापलं घर शोधायची. कुणाच्या बाल्कनीत अजून खुर्ची होती, कुणाच्या छपरातून अंजिराचं झाड वर आलं होतं. मिरोफोरा दर शनिवारी निखाऱ्यांवर ऑलिव्हचा सुका पाला टाकून त्याचा धूर दुर्बिणीभोवती फिरवायची. आमच्याकडे लेकरांची दृष्ट अशीच काढतात. "किती जणांचे डोळे लागतात बिचारीला," ती म्हणायची.

मास्तर रोज दुपारी गच्चीवर येत. त्यांचा स्टुडिओ एका हॉटेलच्या इमारतीमागे दडला होता, तो दिसायचा नाही. म्हणून ते इतरांची घरं बघत. बघून झालं की मिरोफोरा डोळा लावी आणि रोज तेच म्हणे.

"मास्तर, तुमच्या मागून बघायला गेलं की सगळं धुकं."

"डोळे तपासून घे बाई."

"माझे? सुईत दोरा ओवते मी अजून." आणि ती दुर्बिणीचं चाक फिरवून चित्र पुन्हा जागेवर आणी. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. मास्तरांनी त्याचा कधी विचार केला नाही.

निर्वासितांच्या वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात थेक्लाकाकू आणि तिची सून एव्हगेनिया राहत. थेक्लाकाकूचा मुलगा झिनॉन त्या ऑगस्टात लढायला गेला आणि परत आला नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, कैदेत आहे म्हणावं तर नाव नाही. अशी माणसं आमच्याकडे फार. 'बेपत्ता' हा शब्द आमच्या इथे आडनावासारखा लागतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सतरा वर्षं एव्हगेनिया तपकिरी कपडे घालत होती. काळे नाहीत, कारण सासू घालू देत नव्हती, आणि रंगीत घालायचे कुणासाठी?

"जित्या माणसाच्या नावानं काळं घातलंस," थेक्लाकाकू म्हणायची, "तर त्याला मारल्याचं पाप तुझ्या डोक्यावर." स्वतः ती नवऱ्यासाठी नखशिखांत काळ्यात होती. त्यात मुलाच्या वाटणीचा एक धागासुद्धा नाही, हे ती सगळ्यांना बजावून सांगे.

बाजारात, बसमध्ये, चर्चच्या दारात, एव्हगेनियाला बघितलं की लोक विचारत, "काही कळलं का?" चांगल्या मनाने विचारत, पण विचारत. तिची मान नकारार्थी हलायची आणि ती पुढे जायची.

जानेवारीतली दुपार. दोन दिवस पाऊस पडून हवा धुतल्यासारखी झाली होती. सासू-सुना गच्चीवर आल्या. थेक्लाकाकूचं घर वारोशाच्या अगदी अलीकडच्या कडेला, सरळ नजरेच्या टप्प्यात होतं. म्हातारी आधी खिडक्या मोजायची, मग घराला काहीबाही सांगायची. त्या दिवशी ती बोलेना. दुर्बिणीला डोळा लावून नुसती उभी राहिली. मिरोफोरा पुढे झाली.

"काय झालं काकू?"

"बैठकीच्या खोलीची झडप. ती मी बंद केली होती. उघडी आहे." मग अगदी हळू म्हणाली, "आत कुणीतरी उभं आहे."

मास्तरांनी डोळा लावला. चाक फिरवलं. झडप खरंच उघडी होती. उतरतं ऊन खिडकीतून आत शिरलं होतं, आणि आत भिंतीपाशी माणूस उभा होता. माणसाइतका उंच. पाठीशी उजेड, अंगात गडद कपडे, चेहऱ्याच्या जागी फिकट ठिपका. हवा तापून हलत होती तसा तोही हलला. मास्तरांनी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोवर सूर्य ढगात गेला होता आणि खिडकीत काळोख होता.

एव्हगेनियाने बघायला नकार दिला. ती जिना उतरून खाली गेली आणि खुर्चीत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या दारात आली. मास्तर एका नवरीच्या फोटोला रंग भरत बसले होते. एव्हगेनिया बसली नाही.

"मास्तर, त्याचा फोटो काढा."

"कशाला पोरी?"

"आई म्हणतेय तो झिनॉन आहे. देवमाता मारियेच्या तसबिरीवर हात ठेवून मी तिला शपथ घ्यायला लावलंय. फोटोत कुणी नाही असं दिसलं, किंवा दुसरं काही दिसलं, तर ती स्वतःच्या हाताने गहू शिजत ठेवील."

गहू म्हणजे कोलिवा. मेलेल्या माणसाच्या नावाने आम्ही गहू उकडतो, त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, मनुका घालून चर्चमध्ये वाटतो. तो एकदा वाटला की माणूस मेला. आईने होकार दिल्याशिवाय पाद्रीबाबाही झिनॉनचं नाव मृतांमध्ये वाचणार नव्हते.

"आणि तोच निघाला तर?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

एव्हगेनिया हसली. मास्तरांना ते हसणं आवडलं नाही. "तो निघाला तर निदान त्याच्यावर ओरडता येईल मला. मास्तर, मला रडायचंय हो. पोटभर. लोक विचारतात का रडतेस, तर सांगू काय? काळं घातलं की कुणी विचारत नाही. मला काळं घालायचंय, दुसरं काही नको."

मास्तर दुसऱ्याच दुपारी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले. कायद्याने तारांकडे तोंड करून फोटो काढायला बंदी होती, पण खालच्या आमच्या चौकीतली शिपाई पोरं मिरोफोराच्या उधारीवर कॉफी पीत, ती आभाळाकडे बघत राहिली. मास्तरांनी पत्र्याच्या डब्याचं कडं कापून कॅमेऱ्याचं खालचं भिंग दुर्बिणीच्या भिंगावर नेमकं बसेल अशी सोय केली. आधी डोळ्याने बघायचं, चाक फिरवून चित्र स्वच्छ करायचं, श्वास रोखून डोळ्याच्या जागी कॅमेरा आणायचा आणि कळ दाबायची. वरच्या भिंगाचा इथे उपयोग नव्हता, ते दुर्बिणीबाहेरच राहायचं. फिल्मला काय दिसतंय ते मास्तरांना दिसत नव्हतं. त्यांना जे दिसलं तेच तिला दिसेल, असं धरून चालायचं.

न्हाणीघरात त्यांची डार्करूम होती. लाल दिव्याखाली रसायनाच्या तबकात कोरा कागद हेलकावत राहिला आणि मग पाण्याखालून कुणी वर यावं तसा तो माणूस वर आला. पण धूसर. खिडकीच्या कडा विरघळलेल्या, झडपेचं लाकूड धुरकट आणि मधे एक उंच, काळसर आकृती. दुर्बिणीत तर चित्र स्वच्छ होतं. मास्तरांनी शपथेवर सांगितलं असतं.

पुन्हा काढला. पुन्हा तसाच. सबंध आठवडाभर ऊन असेल त्या दुपारी त्यांनी काढले. कधी हात हलला म्हणून तिवई बांधली, कधी हवा तापली म्हणून ऊन उतरायची वाट बघितली. सगळ्या फोटोंत धुकं, आणि धुक्यात तो. वाईट म्हणजे दर फोटोत तो थोडा वेगळा उभा. एकात मान तिरकी, एकात खांदा पुढे, एकात हात वर केल्यासारखा. हवेच्या हलण्याचा तो खेळ आहे हे मास्तर स्वतःला समजावत, पण फोटो वाळत घातले की न्हाणीघराचं दार ओढून घेत, आणि तोंड धुवायला शेजाऱ्याच्या नळावर जात.

थेक्लाकाकूने पहिलाच फोटो हिसकावून घेतला. तसबिरीखाली ठेवला, दिवा लावला. वसाहतीतल्या बायका रांगेने बघायला यायला लागल्या, आपल्याही बेपत्ता माणसाचा मागमूस त्यात शोधायला लागल्या. एकीला तो तिचा भाऊ वाटला. दुसरी म्हणाली, उभं राहण्याची लकब बापाची आहे. धुकं सगळ्यांचं भलं करत होतं. एव्हगेनिया दारात तपकिरी कपड्यात उभी राहून आल्यागेल्याला कॉफी देत होती. सतरा वर्षांत तिने केली नसेल इतकी कॉफी त्या आठवड्यात केली.

"मास्तर," ती म्हणाली, "असाच फोटो काढणार असाल तर काढू नका."

मास्तरांना हे झोंबलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या फोटोला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तसेच ते गच्चीवर गेले, दुर्बीण लावली, बघितलं, आणि रागारागाने बाजूला झाले. मिरोफोरा पुढे आली.

"तुमच्या मागून बघायला गेलं की..." ती म्हणाली आणि तिने चाक फिरवलं.

मास्तर तिच्या बोटांकडे बघत राहिले. ते बाजूला झाले की चौकीतला शिपाई बघे, तोही चाक फिरवी. परगावचा पाहुणा बघे, तोही. सगळे एकाच बाजूला फिरवत. इतकी वर्षं मास्तरांना वाटत होतं की सगळ्या गावाचे डोळे अधू आहेत.

चष्मा न लावता ते बघत होते. चाक फिरवून दुर्बिणीला स्वतःच्या अधू डोळ्याच्या मापाची करत होते. मग तिच्यामागे कॅमेरा आणून लावत होते. आणि कॅमेऱ्याचा डोळा, लांबच्या नजरेवर लावून ठेवलेला, अगदी निरोगी होता. तो बिचारा मिरोफोरासारखा मास्तरांच्या मागून बघत होता, फक्त त्याला बोलता येत नव्हतं आणि चाक फिरवता येत नव्हतं. आपल्या ऐटीपायी आपण एका म्हातारीला भूत दाखवलं, हे कळल्यावर मास्तरांना गच्चीवरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. चष्मा चढवला. दुर्बिणीचा रबरी कठडा चष्म्याच्या आड येत होता, तो त्यांनी उलटा दुमडला. आधी नुसत्या चष्म्याने दूर समुद्राच्या रेघेकडे बघत डोळा सैल सोडला. मग दुर्बिणीला लावला आणि सावकाश चाक फिरवलं.

खिडकी आली. झडपेच्या फळ्या आल्या, फळीवरचा उडालेला निळा रंग आला. आतल्या भिंतीवर उतरतं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात झिनॉन उभा होता. काळा सूट, छातीवर लिंबाच्या फुलांचा गुच्छ, नजर सरळ मास्तरांकडे. लग्नाच्या दिवशी त्या सुटाची कॉलर स्वतःच्या हाताने सारखी करून मास्तरांनीच त्याला तसं उभं केलं होतं. "कॅमेऱ्याकडे बघ रे, सासऱ्याकडे नको." लग्नाची भेट म्हणून त्यांनी माणसाइतकी मोठी प्रत करून भिंतीवर चिकटवून दिली होती. तेवढा रुंद कागद मिळत नव्हता म्हणून दोन पट्ट्या जोडल्या होत्या, एकीवर नवरा, एकीवर नवरी. जोड दिसणार नाही, असं वचन दिलं होतं.

नवरीची पट्टी भिंतीवर नव्हती. ओलीने सुटून कधीच गळून पडली असावी. जोडापाशी कागद सरळ कापल्यासारखा संपत होता आणि पुढे नुसता गिलावा होता. झिनॉनच्या कोपरात मात्र हातमोजा घातलेली चार बोटं अजून अडकलेली होती.

मास्तरांनी कळ दाबली.

रात्री त्यांनी दोन फोटो समोर ठेवले. एक धूसर, एक स्वच्छ. धूसर दिला तर म्हातारीचा मुलगा जिवंत राहत होता. स्वच्छ दिला तर सुनेला रडता येणार होतं. फिल्म खराब निघाली एवढं म्हटलं असतं तरी गावाने मानलं असतं. त्यांच्या डोळ्यांबद्दल गावाचं मत तसंही चांगलं नव्हतं. पण एव्हगेनियाचं ते हसणं त्यांच्या डोक्यातून जाईना.

सकाळी ते वसाहतीत गेले, चष्मा लावून. थेक्लाकाकूच्या हातात स्वच्छ फोटो दिला आणि सोबत भिंग. म्हातारीने फोटो उजेडाकडे नेला. बराच वेळ ती बघत होती.

"हा लग्नातला सूट आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो काकू. तो मी भिंतीवर चिकटवलेला फोटो आहे."

"बटणसुद्धा तेच आहे. मी शिवलं होतं. काळा दोरा संपला म्हणून निळ्यानं." तिने भिंग सरकवलं. फोटोच्या कडेपर्यंत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. मग सुनेकडे वळून, लहान मूल विचारतं तसं तिने विचारलं, "आणि तू कुठायस गं?"

एव्हगेनिया ओट्याशी उभी होती. "मी इथे आहे आई," ती म्हणाली. "इतकी वर्षं इथेच आहे."

थेक्लाकाकूने भिंग खाली ठेवलं. उठून फडताळातून गव्हाची पिशवी काढली, परातीत गहू ओतले, आणि दोघी समोरासमोर बसून खडे निवडायला लागल्या. मास्तर कधी निघून गेले ते त्यांना कळलंही नाही.

रविवारी कोलिवा वाटला. पाद्रीबाबांनी झिनॉनचं नाव मृतांमध्ये घेतलं आणि एव्हगेनिया, नवीन काळ्या झग्यात, बायकांच्या बाजूला खाली बसून अशी रडली की मेणबत्त्या लावणाऱ्यांचे हात थांबले. कुणी तिला का म्हणून विचारलं नाही. थेक्लाकाकू शेजारी उभी राहून तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात दोघी गच्चीवर आल्या. हवा अगदी पडलेली होती, झाडाचं पान हलत नव्हतं. कोलिवा झाल्यापासून वारा सुटला नव्हता. म्हातारीला आता दुर्बिणीपाशी वाकवत नव्हतं. ती खुर्चीत बसली. एव्हगेनिया मागे उभी राहिली, काळ्यात, दोन्ही हात सासूच्या खांद्यांवर.

"मास्तर, बघ रे बाबा," थेक्लाकाकू म्हणाली. "आहे ना तिथेच? ऊन पडतंय ना त्याच्यावर?"

मास्तरांनी चष्मा लावला, चाक फिरवलं. समुद्राची रेघ, छप्परं, अंजिराचं झाड, सगळं लख्ख आलं. मग खिडकी आली.

झडप बंद होती. नुसती ढकललेली नव्हती, फळ्या एकमेकींत नीट बसवलेल्या, आणि बाहेरचा लोखंडी आकडा अडकवलेला. घर सोडताना घरधनीण लावून जाते तसा.

मास्तर तसेच वाकून राहिले. मागे म्हातारी वाट बघत होती. तिला हे कळलं तर परातीतले गहू, चर्चमधलं नाव, सुनेचं काळं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी सरळ होऊन चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला. चाकाला हात लावला नाही. उघड्या डोळ्याने पुन्हा दुर्बिणीत बघितलं. आता तिथे एक फिकट चौकोन होता, उघडा की मिटलेला ते देवाला ठाऊक.

"उघडीच आहे काकू," ते म्हणाले. "तुमचा झिनॉन जिथल्या तिथे आहे."

म्हातारीने छातीवर क्रूस केला. एव्हगेनियाने मास्तरांच्या खिशाकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यात मिरोफोरा सवयीप्रमाणे पुढे आली, मास्तरांना थांबवायला काही सुचायच्या आत वाकली आणि दुर्बिणीला डोळा लावला. तिचा हात चाकावर गेला आणि तिथेच थांबला. चाक फिरवायची गरज नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने डोळा काढला. तोंडावरचा रंग उडाला होता.

"तुमच्या मागून बघायला गेलं की सगळं धुकं, मास्तर," ती म्हणाली.

कॉफी आणते म्हणून ती जिना उतरली, आणि वर आली ती धुपाटणं घेऊन. निखाऱ्यांवर ऑलिव्हचा पाला तडतडत होता. तिने आधी दुर्बिणीभोवती धूर फिरवला, मग थेक्लाकाकूभोवती, मग एव्हगेनियाभोवती, मग मास्तरांभोवती. त्या दिवशी शनिवार नव्हता.